अमिरी दिवाण

१. अमिरी दिवाण : बैठकीतला दिवाण नव्हे, आणि बडोद्याचे दिवाणसाहेबही नव्हेत. दोह्यात कॉर्निशलगत उभी असलेली ही पांढरी इमारत म्हणजे कतारच्या अमिरांची कचेरी. शब्द मात्र आपल्या दिवाणी न्यायालयातलाच. मूळ मजकुरात लेखकाने ती ‘पाहिली’ म्हटले आहे, ते रस्त्यावरूनच. राजवाडा आतून पाहायचा, तर कतारचे पूर्वीचे शासक शेख अब्दुल्ला बिन जासिम यांचा जुना वाडा गाठावा. तिथे १९७५ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय झाले. वास्तुकार ज्याँ नुव्हेल यांनी त्या वाड्याभोवती रचलेली नवी इमारत २०१९ मध्ये खुली झाली. वाळवंटात जिप्समचे पाकळ्या-पाकळ्यांचे खडे सापडतात, तशाच या इमारतीच्या वाकड्यातिकड्या, एकमेकींत घुसलेल्या तबकड्या. लेखकाला पुढे जी ‘पापडांची कोसळलेली चळत’ दिसते, ती हीच.