एका शब्दाची पाच घरे

आमच्या खापरखेड्यात कोणाचा पत्ता विचारला, तर ‘पावरहाऊसच्या अलीकडे’ किंवा ‘पलीकडे’ असे उत्तर मिळते. येथे २१० मेगावॅटचा पहिला संच १९८९ साली सुरू झाला. २०११ पर्यंत पाच संच होऊन एकूण क्षमता १३४० मेगावॅटवर गेली. त्यामुळे ‘पावर’ म्हणजे वीज, हे येथे लहान मूलही सांगेल. नेमक्या याच समजुतीने एकदा घात होता होता राहिला.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध शेतकरी इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, ‘‘गुरुजी, हा पावरचा कागद हाय म्हन्ते. इहिरीवर मोटर बसवाची हाय. आंगठा कुठी माराचा, तेवढं सांगा.’’ मी कागद वाचला. त्यात विजेचे नावही नव्हते. ते मुखत्यारपत्र होते. त्यांचे शेत विकण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती देणारे!

त्या रात्री मी विचार करीत बसलो. ‘मुखत्यार’ हा शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आपल्या कचेऱ्यांत आला. शिवकाळात ‘राजव्यवहारकोश’ रचून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. तरी असे कित्येक शब्द टिकले, कारण ते लोकांच्या ओळखीचे झाले होते. पुढे इंग्रजी आली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. इंग्रजी-मराठी कोशाचे त्यांनी आरंभिलेले काम कँडी यांनी पुरे केले व तो १८४७ साली प्रसिद्ध झाला. आमच्या नागपुरास डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू व उपसर्ग यांपासून हजारो पारिभाषिक शब्द घडविले. त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ चा. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालयही.

या साऱ्यांपुढे पेच एकच होता. इंग्रजीने एका ‘पॉवर’मध्ये जे कोंबले, त्याला मराठीत निरनिराळी घरे लागतात. विज्ञानात ती शक्ती, गणितात घात, कायद्यात अधिकार, राजकारणात सत्ता, आणि चष्म्याच्या दुकानात नुसता नंबर! एका शब्दापुढे एकच शब्द मांडला, तर कोश आटोपशीर होईल. व्यवहार मात्र बुडेल.

हा पेच काही आपलाच नव्हे. महायुद्धात परागंदा झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. त्यांच्या भाषेतही विज्ञानातील पॉवर म्हणजे ‘मोत्स’, राज्यकर्त्यांची ‘व्वाद्झा’ आणि गणितातील ‘पोतेंगा’. त्या ‘पोतेंगा’चा दुसरा अर्थ बलाढ्यपणा असा आहे. आपल्या ‘घाता’चा दुसरा अर्थ मात्र विश्वासघाताच्या वाटेने जातो.

म्हाताऱ्यांना मी एवढेच सांगितले, ‘‘बाबा, हा कागद विजेचा नाही, तुमच्या वावराचा आहे.’’ त्यांनी अंगठा मुठीत मिटला, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि न बोलता उठले. कोशकाराच्या वर्षानुवर्षांच्या श्रमांचे मोल मला त्या मिटलेल्या मुठीत दिसले.