अ‍ॅक्सोलॉटलमधील नर-मादीची ओळख

मेक्सिको शहरालगतच्या सोचिमिल्को सरोवरातील अ‍ॅक्सोलॉटल हा सॅलॅमँडर, म्हणजे शेपटी असलेला उभयचर प्राणी, आज जगभर काचेच्या टाक्यांत पाळला जातो. परंतु त्यातील नर-मादी ओळखण्याचा प्रश्न युरोपात उभा राहण्यापूर्वी हा प्राणी प्रौढ असतो की नाही, हेच ठरायचे होते. निसर्गशास्त्रज्ञ हंबोल्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आणलेल्या नमुन्यांचे बाहेर राहिलेले कल्ले पाहून प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी हा एखाद्या अज्ञात सॅलॅमँडरचा डिंभ, म्हणजे अप्रौढ अवस्था, असावा असे अनुमान केले.

१८६४ मध्ये ३४ जिवंत अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला पोहोचले. त्यांतील पाच नर व एक मादी प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरील यांच्याकडे आली आणि १८६५ च्या आरंभी त्या मादीने अंडी घातली, तेव्हा कल्ले असतानाच हा प्राणी प्रजननक्षम होतो, हे सिद्ध झाले. या अवस्थेला चिरडिंभता म्हणतात. त्याच पिलांपैकी काहींचे कल्ले पुढे नाहीसे झाल्याने क्यूव्हिए यांचे अनुमानही निराधार नव्हते, हे दिसले.

पाळणाऱ्यांची खूण मात्र साधीच राहिली. मागील पायांमागे अवस्कर, म्हणजे विष्ठा व जननपेशी बाहेर टाकणारे एकच द्वार, असते. नर शुक्राणूंची पुडी तळाशी ठेवतो व मादी ती अवस्कराने उचलते, आणि त्या पुडीचा चिकट आधार स्रवणाऱ्या ग्रंथींमुळे नराचा अवस्कर ठळक फुगतो, तर अंड्यांमुळे मादीचे पोट रुंदावते. ही लक्षणे वयात आल्यावरच प्रकटतात. म्हणून फुगवटा नसलेल्या लहान पिलाला मादी मानणे ही चूकच होय.

या फरकामागचे कारण अमेरिकेतील रूफस हम्फ्री यांच्या प्रयोगांनी उलगडले. मादी भ्रूणात नराच्या जननग्रंथीचे कलम केल्यास तिची स्वतःची जननग्रंथी वृषणात बदलते, हे त्यांनी दाखवले; अशा लिंगबदल झालेल्या माद्यांचा सामान्य माद्यांशी संकर केल्यावर तीन माद्यांमागे एक नर या प्रमाणात संतती झाली. यावरून अ‍ॅक्सोलॉटलमध्ये, पक्ष्यांप्रमाणे, मादीजवळच दोन भिन्न लिंग-गुणसूत्रे असतात, असा निष्कर्ष त्यांनी १९४५ मध्ये मांडला. ही दोन गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखू येत नाहीत; केवळ मादीत आढळणारा त्यांच्यातील अतिशय छोटा भाग २०१८ मध्ये हाती लागला, आणि त्याच्या आधारे वयात न आलेल्या पिलाचेही लिंग डीएनए चाचणीने सांगता येऊ लागले.