जीपचे उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४१ साली, अमेरिकेत जन्मास आलेली विलिस जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत माझगाव येथे जुळविण्यास आरंभ केला, आणि पाहता पाहता महसूल, जंगल व पाटबंधारे खात्यांतील अंमलदारांची फिरती तिच्यावाचून अडू लागली. परंतु तिचा खरा इतिहास, माझ्या मते, सरकारी लिलावानंतरचा आहे. १९७३ नंतर पेट्रोल महागले, तेव्हा मिस्त्रींनी मूळचे पेट्रोल इंजिन उतरवून तेथे डिझेल इंजिन बसविले; त्याचा वाढीव भार व हादरे सोसावेत म्हणून पुढे एखादा पाटा वाढविला, चासीला पट्ट्या जोडल्या. मात्र गिअरच्या दांड्याशेजारचे ते दोन आखूड दांडे, ज्यांतील एकाने पुढची चाके जोडल्याखेरीज दुसऱ्याने संथ गती पडतच नाही, त्यांची रचना जाणत्या कारागिरांनी आदराने अबाधित राखली.