जुन्या मोटारसायकलीचा इतिहास: वागळे इस्टेटच्या रस्त्यांवरून

१/ पहिली गाडी घ्यायची, तीही जुनी, आणि सुट्टीच्या दिवशी वागळे इस्टेटच्या ओसरलेल्या रस्त्यांवर ती शिकायची. ठाण्यातल्या अनेक तरुणांचा हा परिपाठ. या साध्या व्यवहारामागे साठ वर्षांचा औद्योगिक आणि कायद्याचा इतिहास उभा आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत. इथल्या रस्त्यांना थोरांची नावे नव्हे, तर क्रमांक मिळाले: रोड नंबर १६, रोड नंबर २२. कारखान्यांसाठी आखलेली ही वसाहत होती. ठाण्याला रेल्वे १८५३ सालीच पोहोचली होती. पण रात्रपाळी संपवून निघालेल्या कामगाराला कारखाना ते स्टेशन हे अंतर स्वतःच कापावे लागे.

३/ दुचाकीची गरज होती, पण दुचाकी मिळत नव्हती. मद्रासेत १९५५ पासून बुलेट तयार होऊ लागली, पुढे म्हैसूरला जावा. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची लॅम्ब्रेटा आणि पुण्याजवळ आकुर्डीला बजाजची स्कूटर. परंतु किती गाड्या बनवायच्या हे परवाना ठरवी, आणि स्कूटर कोणाला विकायची हे १९६० चा वितरण व विक्री नियंत्रण आदेश.

४/ परिणाम विलक्षण होता. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. काही काळ ही प्रतीक्षा दहा वर्षांच्या घरात गेली. त्यामुळे वापरलेल्या स्कूटरला नव्या स्कूटरच्या अधिकृत किमतीहून जास्त पैसे मोजले जात. जुनी गाडी म्हणजे स्वस्त गाडी, हे समीकरण तेव्हा नव्हते. जुनी गाडी म्हणजे ताबडतोब हाती येणारी गाडी.

५/ ही कोंडी जपानी सहकार्याने फुटली. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, १९८६ मध्ये कावासाकी बजाजची केबी १००. पुरवठा वाढला तशी प्रतीक्षायादी ओसरली आणि जुनी गाडी हळूहळू नवशिक्याच्या आवाक्यात आली.

६/ शिकण्याची पद्धतही गाडीबरोबर बदलली. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. जपानी गाड्यांनी नेमके उलट केले. बजाजच्या स्कूटरचे गिअर डाव्या मुठीत. जावावर किकचा दांडाच गिअरचे काम करी. म्हणजे एका गाडीवर तयार झालेला हात दुसऱ्या गाडीवर पुन्हा नवशिका ठरे. हाफ क्लचवर गाडी सावकाश पुढे सरकवण्याचे कसब मात्र सर्वत्र तेच राहिले, आणि परवान्याच्या परीक्षेतला इंग्रजी आठाचा आकडा आजही तेच तपासतो.

७/ यंत्र तपासतानाही इतिहास ठाऊक असावा. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते. थोडा धूर हा तिचा स्वभाव आहे. सीडी १०० सारख्या फोर-स्ट्रोक गाडीने निळसर धूर सोडला, तर इंजिनात तेल जळत आहे, पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संभव आहे. लक्षण एकच, अर्थ दोन.

८/ आता कायद्याकडे. आजचा मोटार वाहन कायदा १९८८ चा, अंमल १ जुलै १९८९ पासून. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, पक्क्या परवान्याची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. पांढऱ्या पाटीवर तांबडा ‘एल’ हवा, आणि शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. मित्राला मागे बसवून सराव करणे हा म्हणूनच नियमभंग आहे.

९/ सर्वांत मोठा धोका कागदात असतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात एक मोटार हातोहात विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. तिच्या अपघातात जीव गेला. न्यायालयाने ठरवले की, कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे. नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. पैसे घेतले, किल्ली दिली, एवढ्याने मालकी सुटत नाही.

१०/ म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या होऊन एमएच-०४ च्या दप्तरी, किंवा कल्याण-डोंबिवलीची गाडी असल्यास एमएच-०५ च्या दप्तरी, नाव बदलल्याविना व्यवहार पुरा मानू नये. हे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे.

११/ आपण इतिहासाचे वाचक. ताम्रपट हाती आला की तो खरा की बनावट, कोणी कोणाला दिला, हे आपण आधी पाहतो. आरसी हेही एक साधनच आहे. चासीवर कोरलेला क्रमांक कागदाशी जुळतो का, कर्जाचा बोजा उतरला आहे का, पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली आहे का, हे स्वतः वाचावे. वागळे इस्टेटच्या त्या रुंद रस्त्यावर पहिली किक मारायची ती त्यानंतर, हेल्मेटचा पट्टा लावून.