साथीचे रोग, विटाळ आणि आम्ही निरीश्वरवादी

आमच्या गावच्या महारवाड्याच्या टोकाला, कडुलिंबाखाली, मरीआईचे ठाणे होते. शेंदूर फासलेले दोन दगड, एवढेच. पटकीची साथ आली की गावाला या दगडांची आठवण होई. एरवी ज्यांची सावली अंगावर पडू नये म्हणून गाव दक्ष, त्याच महार-मांगांकडे पाटलाचा निरोप येई : गाडा काढा. मग लाकडाच्या लहानशा गाड्यात देवीला बसवायचे, पोतराजाने अंगावर आसूड ओढीत पुढे नाचायचे आणि महारांनी तो गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा. शेजारच्या गावाने तो पुढच्या शिवेवर ढकलायचा. आजोबा हे सांगत तेव्हा त्यांच्या बोलण्यात देवीची भीती असे आणि थोडा अभिमानही असे. कारण त्या एका दिवशी गाव त्यांच्यापुढे हात जोडून उभे राही. मला लहानपणी त्यात निव्वळ अंधश्रद्धा दिसली. पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा कळले, की ती कामाची वाटणी होती. रोगाला हात कोणी लावायचा, याची गावाने धर्माच्या नावावर करून घेतलेली ती सोय होती.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या लोकांनी ते दगड नदीत टाकले. वडील बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणत. देव नसलेल्या घरात मी वाढलो, आणि त्याचा मला गर्व होता. गर्व हाच शब्द बरोबर आहे. कारण २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा मी पहिले काम केले ते हसण्याचे. मार्चमध्ये दिल्लीत गोमूत्र प्राशनाचा समारंभ झाला, २२ मार्चला थाळ्या वाजल्या, ५ एप्रिलला दिवे लागले, पुढे बिहारात आणि आसामात बायका ‘कोरोना माई’ची पूजा करू लागल्या. देवळे, मशिदी, चर्च सगळ्यांना कुलपे लागली. देवच टाळेबंदीत गेला, असे मी आमच्या अभ्यासमंडळाच्या मुलांना फोनवर सांगत असे आणि मुले हसत.

त्यातल्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, ‘सर, देव नाही हे खरे. पण साथीत देव न मानणारा माणूस वेगळा काय वागला? इतिहासात कुठे दिसतो तो?’ मी म्हणालो, सांगतो. आणि सांगायला बसल्यावर हातात फारसे काही नाही हे ध्यानात आले. हा लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा रोगी ओळखला. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगला यर्सिनने शोधला होता. उंदराच्या पिसवेतून तो माणसात येतो हे सिमों या फ्रेंच डॉक्टराने मांडले ते १८९८ साली. म्हणजे १८९७ च्या विज्ञानाला शत्रूचे नाव ठाऊक होते, त्याची वाट ठाऊक नव्हती. या अर्धवट ज्ञानाच्या हाती फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने अमर्याद सत्ता दिली. (हाच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढण्यात आला. आपल्याकडे कायद्यांचे आयुष्य माणसांपेक्षा दांडगे!) घरात शिरून झडती घ्यायची, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत न्यायचे, सामान जाळायचे, भिंती धुवायच्या. इस्पितळ म्हणजे मरणाचे घर अशी लोकांची समजूत झाली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या इस्पितळातून माणूस परत येताना कोणी पाहिला नव्हता, त्याच्याविषयी त्यांनी बांधलेला अंदाज अनुभवाचाच होता.

या मुंबईच्या प्रकरणातला एक तपशील इतिहासाच्या पुस्तकांत क्वचित येतो. सक्तीचे हुकूम निघाल्यावर लोक शहर सोडून पळू लागले. तेव्हा म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना सर्वांत मोठी धास्ती वाटली ती हलालखोरांची. मैला उचलणारे आणि झाडूवाले गेले तर हे शहर राहण्याच्या लायकीचे उरणार नाही, हे त्यांनी आपल्या अहवालात नोंदवले. सक्ती सैल करण्यामागे हीही भीती होती. त्याआधी सहा वर्षे, १८९० साली, म्युनिसिपल नोकरांचा कायदा करून सफाईकामगाराने नोटिशीवाचून काम सोडणे हा तुरुंगाचा गुन्हा ठरवला गेलाच होता. आता मरीआईचा गाडा आठवून पाहावा. गावात ज्याला धर्म म्हणत होते, त्याला शहरात म्युनिसिपालिटीचा कायदा म्हणू लागले. गाडा ओढणारे हात तेच राहिले.

आणि सवर्ण समाजाचे काय? त्याची तक्रार जुलमाविरुद्ध होती, आणि ती खरी होती. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनीही पुण्याच्या प्लेग-इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी १८९७ साली उघड लिहिले. पण या खऱ्या तक्रारीच्या पोटात दुसरी एक तक्रार दडलेली होती : इस्पितळात कोण कोणाच्या शेजारी निजणार, अन्न कोणाच्या हातचे, अंगाला हात कोणाचा? सरकारने तोड काढली, की ज्याने त्याने आपापल्या जातीचे इस्पितळ काढावे. मुंबईत अशी कितीतरी निघाली. पुण्यात लोकमान्य टिळकांनी पुढाकार घेऊन हिंदूंसाठी इस्पितळ उभारले. साथीत ते शहर सोडून गेले नाहीत, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र ज्या जातीपाशी इस्पितळ बांधायला पैसा नव्हता, तिने कुठे मरावे, हा प्रश्न त्या वेळच्या वादात गौण राहिला. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, आणि शाळेच्या पुस्तकात पुण्याचा प्लेग म्हणजे चाफेकर आणि रँड एवढाच उरला.

त्याच पुण्याजवळ, हडपसरच्या माळावर, एक वेगळे काम चालले होते. सावित्रीबाई फुले यांनी आपल्या दत्तक मुलाला, डॉक्टर यशवंत यांना, लष्करी नोकरीतून बोलावून घेतले आणि ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेगची गाठ आल्याचे कळताच त्या तिथे गेल्या आणि मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांचे वय तेव्हा छासष्टाच्या वर होते. त्या सेवेतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुण्यात सोल्जरांच्या घरझडत्या सुरू झाल्या त्या याच सुमारास. पुढे १९०५ साली यशवंतही प्लेगनेच गेले.

माझे उत्तर इथेच संपले असते तर सोयीचे झाले असते. पण सावित्रीबाई नास्तिक नव्हत्या. सत्यशोधकांचा निर्मिकावर विश्वास होता. जोतिरावांनी पुरोहित नाकारला, ग्रंथप्रामाण्य नाकारले, निर्मिक ठेवला. रमाबाई ख्रिस्ती होत्या. ज्या वाल्देमार हाफकिनने मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, तो ज्यू होता, आणि १९१६ साली त्याने ज्यूंच्या सनातन धर्माचारांची बाजू घेणारा निबंध लिहिला. विज्ञानाचा हा वीर आमच्या नास्तिकांच्या फळीत बसत नाही! उलट महाराष्ट्रातील बुद्धिवादाचा पहिला मोठा आवाज, आगरकर, प्लेग येण्याच्या आदल्याच वर्षी, जून १८९५ मध्ये वारले होते. ते असते तर काय करते, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. त्यांनी देवाधर्माची चिकित्सा निर्भयपणे केली, हे मान्य. पण त्या चिकित्सेचे रणांगण मुख्यतः पांढरपेशा घराच्या उंबऱ्याआत होते. मुंढव्याचा महारवाडा त्या उंबऱ्याच्या फार पलीकडे होता.

मग निरीश्वरवाद्याने या इतिहासातून घ्यायचे काय? मला वाटते, सावित्रीबाईंचा निर्मिक आणि आपला नकार यांतल्या फरकावर भांडत बसण्यात हशील नाही. त्यांनी जे नाकारले त्याकडे पाहावे. त्यांनी विटाळ नाकारला. देव नाकारायला एक पुस्तक वाचले तरी पुरते. विटाळ नाकारायचा तर पाठीवर पोर घ्यावे लागते. विटाळ मानणारा माणूस देव मानीत नसेल, तरी तो व्यवहारात सनातनीच राहतो. हा नियम विज्ञानालाही लागू आहे. १९१८ साली मानमोडीची साथ आली. मुंबईच्या आरोग्यखात्याने मृत्यूंचे आकडे जमातवार मांडले होते : दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९ आणि ‘खालच्या जातीचे’ हिंदू ६१.६. रोगजंतूला जात ठाऊक नसते, हे आम्ही व्याख्यानांतून सांगत आलो. जंतूला नसेल, पण खोलीला असते, नळाला असते, दुधाला असते, डॉक्टराच्या पावलांना असते. ६१.६ हा आकडा कोणत्याही देवाने लिहिलेला नाही. तो पुसण्यासाठी देव नाही असे सिद्ध करून भागत नाही.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. सांगायला संकोच वाटतो, पण टाळली तर वरचे सगळे पोपटपंची ठरेल.

माझा धाकटा चुलतभाऊ आमच्या शहरात ठेकेदाराकडे सफाईकामगार आहे. ‘जय भीम’ म्हणतो आणि दंडात ताईतही बांधतो. त्या ताईतावरून मी त्याला अनेकदा चारचौघांत बोललो होतो. एप्रिल २०२१ मध्ये त्याची नेमणूक स्मशानात झाली होती. प्रेते उचलायची, सरणावर ठेवायची, राख भरून द्यायची. हातमोजे आठवड्याला एक जोड. फाटले तर स्वतःचे विकत घ्यायचे. त्या दिवसांत माझ्या पत्नीला ताप आला. औषध कुठे मिळेना. मी त्याला फोन केला. रात्री नऊला तो औषध घेऊन दारात आला, तोंडाला फडके बांधलेले, चार हात लांब उभा. म्हणाला, ‘दादा, वहिनींना आधी ही गोळी द्या. आणि थोडं पाणी द्या मला.’

मी आत गेलो. मांडणीवर स्टीलचे पेले होते. मी कागदी पेला शोधला, तो उंबऱ्याबाहेर ठेवला आणि वरून पाणी ओतले. तो प्यायला, पेला चुरगळून खिशात घातला आणि निघून गेला. दार लावल्यावर माझे पाय थरथरू लागले. माझ्या आजोबांना पाटलाच्या ओसरीवर पाणी असेच मिळत होते.

अंतर राखायचेच होते, हे मी स्वतःला रात्रभर सांगितले. अंतर राखणे चूक नव्हतेच. पण ताप माझ्या घरात होता, त्याच्या अंगात नव्हता! विज्ञानाच्या हिशेबाने जपायचे होते ते त्याला, माझ्या घरापासून. माझ्या हाताने उलटा हिशेब केला, आणि तो हिशेब कोणत्याही वैद्यकाच्या पुस्तकातला नव्हता. ‘सामाजिक अंतर’ हा शब्द तेव्हा सरकारपासून शाळेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होता. शारीरिक अंतर म्हणा, सामाजिक म्हणू नका, असे आमच्या चळवळीतल्या अनेकांनी तेव्हा बजावले. मीही त्यावर एक टिपण लिहिले होते. ते टिपण लिहिणारा हात आणि कागदी पेला शोधणारा हात एकच.

पत्नी बरी झाली. पंधरा दिवसांनी मी त्याच्या खोलीवर गेलो आणि झाले ते बोललो. तो म्हणाला, ‘दादा, मी लस घेतलेली. फेब्रुवारीतच. आमच्या मुकादमाने सगळ्यांना नेलं. ताईत होता म्हणून काय सुई थांबली का?’ आणि हसला. माझ्या मनात तो अंधश्रद्ध होता. त्याने लस घेतली, रोग्याला औषध पोहोचवले, परक्यांची प्रेते उचलली. मी विज्ञानवादी, दार लावून बसलो होतो. ताईत काढ असे मी त्याला आजही सांगतो, कारण ताईत विकणारा त्याचे पैसे लुबाडतो. पण आता चारचौघांत सांगत नाही.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसार झालेला एक भिक्षू स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो कोणाच्या उपयोगी नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचावर ठेवले. पुढे संघाला बजावले, की माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची करावी. बाबासाहेबांनी धर्म आणि धम्म यांत भेद केला तो याच जागी : देवाची जागा नीतीने घ्यायची आणि नीती म्हणजे माणसाने माणसाशी वागायचे. देव गेल्यावर ती जागा मोकळी ठेवली, तर तिथे विटाळ येऊन बसतो. तो घरमालकासारखा येतो, भाडे मागत नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही.

याच कसोटीवर आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मार्च २०२० नंतर तबलिगी जमातीच्या निमित्ताने सगळ्या मुसलमानांना रोगाचे वाहक ठरवण्याची मोहीम चालली. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचे बकरे बनवले गेल्याचे स्पष्ट म्हटले. काही विवेकवादी म्हणवणारे मित्र त्या मोहिमेत होते. धर्मांधतेवर टीका करतो आहोत, असे त्यांना वाटत होते. गर्दी जमवणे चूकच होते. तसे तर एप्रिल २०२१ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यातही गर्दी जमली. पण भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेणे ही धर्मचिकित्सा नव्हे. तो विटाळच होय, नवा वेष घेऊन आलेला.

त्या विद्यार्थिनीला मी हे सगळे नंतर सांगितले; कागदी पेल्यासह. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मग सर, हातमोज्यांचं काय?’

तेव्हापासून आमचे अभ्यासमंडळ १० मार्चला व्याख्यान ठेवत नाही. त्या दिवशी आम्ही ठेकेदारीतल्या सफाईकामगारांच्या वस्तीत जातो, त्यांच्याबरोबर बसून अर्ज लिहितो आणि सगळे मिळून तो कचेरीत देतो. पहिल्या अर्जात तीन मागण्या होत्या : पुरेसे हातमोजे आणि बूट, आजारपणाची भरपगारी रजा, आणि ठेका रद्द करून कायम नोकरी. हातमोजे मिळाले. बूट निम्म्या लोकांना मिळाले, तेही एकाच मापाचे. बाकीच्या दोन मागण्यांचा अर्ज यंदाही दिला आहे.