बिल्डरच्या वहीची कुळकथा

मालेगावातून सटाणा रोडने निघा, मनमाड रोडने निघा नाहीतर आग्रा रोडने धुळ्याकडे. थोड्याच अंतरावर एन.ए. प्लॉटचा फलक दिसतो. त्यावर तीन शब्द ठरलेले: रस्ता, गटार, लाइट. प्लॉट आज विकायचा आणि हे तिन्ही मागाहून करून द्यायचं, असा हा धंदा. घेणाऱ्याची चिंता एवढीच की रस्ता होणार कधी. विकणाऱ्याच्या मुनिमाला मात्र वेगळाच घोर लागतो. विक्री यंदाची, खर्च पुढच्या सालचा, मग यंदाच्या वहीत नफा मांडायचा किती? बांधकाम धंद्यातले आयकराचे मोठमोठे खटले शेवटी या एका प्रश्नाला येऊन भिडतात.

त्यांच्या पूर्वजाचा शोध घ्यायचा तर कलकत्त्याला जावं लागतं. तिथल्या कलकत्ता कंपनी लिमिटेड नावाच्या मंडळींनी जमीन घेऊन प्लॉट पाडले आणि विकले. सहा महिन्यांत रस्ते, गटारं आणि दिवे करून देऊ, असं खरेदीखतातच लिहून दिलं. १९४८-४९ च्या करनिर्धारण वर्षात त्यांच्या हाती प्रत्यक्ष आले २९,३९२ रुपये. वही मर्कंटाइल पद्धतीची, म्हणजे येणं-देणं ठरलं की नोंद होणारी, म्हणून जमा मांडली ती पूर्ण विक्रीची, ४३,६९२ रुपये. त्याच न्यायाने पुढे करायच्या कामांचा अंदाजी खर्च २४,८०९ रुपये नावे टाकला. आयकर खात्याने जमा उचलून धरली आणि खर्च नाकारला. झालाच नाही तर खर्च कसला, असा सवाल केला. कंपनी उच्च न्यायालयातही हरली. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र निकाल फिरवला: न आलेला पैसा जमा धरता, तर न दिलेला पण देणं लागलेला खर्चही धरा, अंदाज करणं अवघड आहे म्हणून देणं खोटं ठरत नाही. रक्कम आजच्या हिशेबाने चिल्लर, पण प्लॉट विकणाऱ्याची जमेची आणि खर्चाची बाजू एकाच मापाने मोजावी, हा दंडक तिथे पक्का झाला.

आता जरा मागे जाऊ. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतली विणकर कुटुंबं दक्षिणेकडे निघाली आणि त्यातली बरीच मालेगावात स्थिरावली. त्याच उठावाच्या खर्चाने रिकामी झालेली तिजोरी भरायला जेम्स विल्सनने १८६० मध्ये हिंदुस्थानात पहिला आयकर आणला. म्हणजे मालेगावची विणकर वस्ती आणि आयकर ही एकाच वादळानंतरची भावंडं. पुढे १९२२ च्या कायद्यात कलम १३ आलं: करदाता ज्या पद्धतीने नेमाने हिशेब ठेवतो, त्याच पद्धतीने त्याचं उत्पन्न मोजावं, त्यातून खरं उत्पन्न निघतच नसेल, तर अधिकाऱ्याने आपली पद्धत लावावी. १९६१ च्या कायद्यात हेच कलम १४५ झालं. पुढची सगळी भांडणं या ‘नेमाने’ आणि ‘खरं’ या दोन शब्दांच्या मधल्या जागेत झाली.

मागवाल्याला ही जागा फारशी अडत नाही. तागा उतरला, पेढीवर गेला, बिल फाटलं, की नफातोटा समोर. इमारत तीन-चार वर्षं मागावरच असते. पाया पहिल्या सालात, स्लॅब दुसऱ्यात, प्लास्टर तिसऱ्यात, आणि गिऱ्हाइकाचे हप्ते मधल्या मधे केव्हाही. त्यात वर्षही प्रत्येकाचं आपापलं असायचं. लक्ष्मीपूजनाला वही पुजून दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवणारे पेढीवाले कितीतरी होते. १९८९-९० च्या करनिर्धारण वर्षापासून सगळ्यांना ३१ मार्चच्या दावणीला बांधलं गेलं. पूजा मात्र अजून दिवाळीलाच होते.

बिल्डर लोकांनी आपली सोय आपणच शोधली होती. काम चालू असताना आलेले हप्ते ‘ॲडव्हान्स’ म्हणून देण्याच्या बाजूला ठेवायचे, झालेला खर्च ‘वर्क इन प्रोग्रेस’ म्हणून पुढे ओढायचा, आणि प्रोजेक्ट संपला की एकदाच नफा काढायचा. हीच प्रोजेक्ट कम्प्लिशन पद्धत. खात्याला हवी होती परसेंटेज पद्धत: जितकं काम झालं, तितका नफा त्याच साली. समजा सोयगावातली एखादी इमारत चार कोटींना विकली जाणार आहे आणि खर्च तीन कोटींचा आहे. दुसऱ्या सालअखेर साठ टक्के काम झालं, तर परसेंटेज पद्धतीने साठ लाखांचा नफा आजवरचा ठरतो. बिल्डरच्या वहीत तेव्हा शून्य असतं.

दोन्ही बाजूंना आपापलं खरं आहे. बिल्डर म्हणतो, सिमेंट वाढलं, वरच्या मजल्याचं बुकिंग रद्द झालं, तर तुम्ही कर घेतलेला नफा मी आणू कुठून? खातं म्हणतं, तुझा प्रोजेक्ट संपतच नाही. दोन फ्लॅट मुद्दाम न विकता ठेवायचे, भोगवटा प्रमाणपत्र रेंगाळत ठेवायचं, माणसं राहायला येऊन मुलं शाळेत जायला लागतात तरी वहीत इमारत अपुरीच! माझ्या मते खात्याची ही शंका अगदीच खोटी नाही. पण सगळ्यांनाच त्या मापाने मोजणं हा अन्याय होता.

१९८३ मध्ये चार्टर्ड अकाउंटंट संस्थेने बांधकाम करारांसाठी लेखामानक ७ काढलं, त्यात दोन्ही पद्धती चालत होत्या. त्याच साली आयकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने चॅम्पियन कन्स्ट्रक्शनच्या प्रकरणात बिल्डरची कम्प्लिशन पद्धत मान्य केली. २००२ मध्ये मानक बदललं आणि फक्त परसेंटेज उरली. खात्याने ते उचललं. बिल्डरांचं उत्तर तयार होतं: हे मानक ठेकेदाराचं. ठेकेदार दुसऱ्याच्या जमिनीवर दुसऱ्यासाठी बांधतो. आम्ही आपल्या जमिनीवर आपला माल तयार करून विकतो. ठेकेदार आणि बिल्डर यांच्यातला हा फरक बोलण्यात कुणी पाळत नाही, पण निकालांमध्ये तोच निर्णायक ठरत गेला.

बिल्डरच्या मदतीला आणखी एक निकाल आला तो भिशीचा, हे मला फार मजेशीर वाटतं. बिलहरी इन्व्हेस्टमेंट्सच्या २००८ च्या खटल्यात चिट फंडाचे सभासद आपला नफातोटा चिट संपल्यावर मोजत होते. खात्याला तो दर साली हवा होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन्ही पद्धती मान्य आहेत, आणि वर्ष इकडचं तिकडे केल्याने सरकारचं काही बुडत नसेल तर पद्धत बदलायला लावण्याचं कारण नाही. त्याच साली रिअलेस्ट बिल्डर्सच्या प्रकरणात न्यायालयाने खात्यावर ओझं टाकलं: या पद्धतीने नफा कमी दिसतो, हे आधी आकड्यांनी दाखवा.

नंतर सरकारने आयकरासाठी स्वतःचीच मानकं काढली, ती २०१७-१८ च्या करनिर्धारण वर्षापासून लागू झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यातली काही कलमं उडवली, तर २०१८ च्या वित्त कायद्याने कलम ४३ सीबी आणून ठेकेदारांना मागच्या तारखेपासून परसेंटेजमध्ये बांधलं. गंमत अशी की २०१८ पासूनच मोठ्या कंपन्यांसाठी आलेलं नवं लेखामानक ताबा देण्याकडे बोट दाखवतं, म्हणजे बहुतेक बिल्डरांना पुन्हा कम्प्लिशनकडेच नेतं. भागीदारीतल्या छोट्या फर्मना ते लागू नाही. त्या चार्टर्ड अकाउंटंट संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक टिपेवर चालतात. तिच्यात बांधकाम खर्च पंचवीस टक्के, करारबद्ध क्षेत्र पंचवीस टक्के आणि त्या करारांची वसुली दहा टक्के झाल्याशिवाय परसेंटेजने नफा मोजायचा नाही. खास बिल्डरांसाठी आयकर मानकाचा एक मसुदा २०१७ मध्ये निघाला होता. तो मसुदाच राहिला.

मालेगावची महापालिका आणि महाराष्ट्राचा गुंठेवारी कायदा दोन्ही २००१ सालचे. दरेगाव, म्हाळदे, सायने, द्याने या शिवारांत तेव्हापासून शेताचे प्लॉट पडतच आहेत. इथल्या बिल्डरची अपीलं न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाकडे जातात, आणि तिथे आजही १९५९ चा कलकत्ता कंपनीचा निकाल पुढे ठेवता येतो. तुम्ही प्लॉट घेत असाल, तर रस्ता, गटार, लाइट हे तीन शब्द फलकावर वाचून समाधान मानू नका, खरेदीखतात मुदतीसह लिहून घ्या. कलकत्ता कंपनीचा तो खर्च धरला गेला, कारण वचन खतात होतं.