दंडावरच्या पट्ट्याची कुळकथा

हृदयाचा प्रत्येक ठोका डाव्या जवनिकेतून सुमारे 70 मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलतो. महाधमनीच्या भिंती लवचीक असतात. आलेल्या रक्ताला जागा देण्यासाठी त्या ताणल्या जातात आणि मग आकसत ते रक्त पुढे रेटत राहतात. म्हणून दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेतही धमन्यांतला दाब शून्यावर येत नाही. हृदय आकुंचन पावताना तो सर्वाधिक असतो आणि प्रसरण पावताना सर्वांत कमी. घरोघरी ‘वरचा’ आणि ‘खालचा’ म्हणतात ते हेच दोन आकडे. निरोगी प्रौढात, स्वस्थ बसलेले असताना, ते 120 आणि 80 च्या आसपास असतात. पण हा दाब असतो धमनीच्या आत, आणि धमनी असते स्नायूंच्या आड. ती न फोडता दोन्ही आकडे कसे मिळवावेत, हे उमगायला पहिल्या मोजणीनंतर पावणेदोनशे वर्षे जावी लागली.

पहिली मोजणी धमनी फोडूनच झाली. लंडनजवळच्या टेडिंग्टनचा पाद्री स्टीफन हेल्स हा वनस्पतींतला रस किती जोराने वर चढतो याची मापे घेणारा माणूस. प्राण्यांच्या रक्ताकडेही तो त्याच नजरेने पाहत होता. कामातून गेलेली एक घोडी त्याने आडवी बांधली, तिच्या मांडीतल्या धमनीत पितळेची नळी बसवली आणि तिला 9 फूट लांबीची काचेची नळी उभी जोडली. धमनीवरचा बांध सोडताच रक्त चढत गेले आणि हृदयाच्या पातळीपासून 8 फूट 3 इंचांवर पोचले. प्रत्येक ठोक्यासरशी ते काही इंच खालीवर होत होते. घोडीचे रक्त काढून घेत, उंची कशी उतरत जाते तेही त्याने टिपले. प्रयोग निर्घृण होता यात शंका नाही. पण दाबाला आकडा असतो आणि तो ठोक्यागणिक हलतो, ही दोन सत्ये हेल्सच्या 1733 सालच्या पुस्तकातून प्रथम जगासमोर आली.

इतकी उंच नळी दवाखान्यात कोण उभी करणार? त्यावर तोडगा काढला जाँ पोझॉय या फ्रेंच वैद्याने, 1828 साली. पारा पाण्याच्या 13.6 पट जड असल्याने जो दाब पाणी दीड मीटरहून वर चढवतो, तोच पाऱ्याला 120 मिलिमीटरच चढवतो. पोझॉयच्या इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या नळीत हात-दोन हातांत काम भागले आणि रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगण्याची रीत पडली. 1847 मध्ये कार्ल लुडविगने त्या पाऱ्यावर तरंगते बोंडूक ठेवून त्याला लेखणी जोडली आणि फिरत्या दंडगोलावर दाबाची रेघ उमटवली. 1856 मध्ये लियाँच्या फेव्हरने शस्त्रक्रियेच्या वेळी माणसाच्या मांडीतल्या धमनीत दाब मोजला, तो भरला 120 मिलिमीटर. तरीही हे सगळे धमनी उघडूनच चालले होते. निव्वळ तपासणीसाठी कोणाची धमनी उघडावी, हे शक्य नव्हते.

मार्ग उलट्या बाजूने निघाला. आतला दाब थेट मोजण्याऐवजी बाहेरून किती दाबल्यावर नाडी बंद पडते ते पाहावे, ही कल्पना 1855 च्या सुमारास कार्ल फोन फिरोर्टने मांडली. त्याचे वजने लटकवलेले तरफेचे यंत्र मात्र अवजड निघाले. 1881 मध्ये व्हिएन्नाच्या सॅम्युएल फोन बाशने पाण्याने भरलेला रबरी फुगा मनगटावरच्या धमनीवर दाबून पाहिला. तो फुगा जरा सरकला की आकडा बदले.

ही अडचण 1896 मध्ये तूरिनच्या स्किपिओने रिवा-रोच्चीने सोडवली. त्याने मनगट सोडून दंड निवडला, आणि त्यामागे शरीररचनेचे नेमके ज्ञान होते. मनगटाकडे दोन हाडे आणि दोन धमन्या. दंडात एकच हाड आणि एकच मोठी धमनी. दंडाभोवती सगळीकडून सारखा दाब दिला तर ती हाडावर चेपली जाते, निसटत नाही. सायकलची रबरी ट्यूब, शाईची दौत, पारा आणि हवा भरायचा फुगा एवढ्यावर त्याचे यंत्र उभे राहिले. पट्टा फुगवायचा, मनगटाची नाडी लागेनाशी झाली की पारा वाचायचा. यातून वरचा आकडा मिळे, खालचा मात्र मिळत नसे. शिवाय त्याचा पट्टा जेमतेम 5 सेंटिमीटर रुंद होता. अरुंद पट्टा धमनी चेपायला जास्त जोर मागतो आणि आकडा फुगवून दाखवतो. म्हणून 1901 मध्ये फोन रेकलिंगहाउझेनने तो रुंद केला. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आजही हीच चूक होते. त्याच साली अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग इटलीत पावियाला गेला, तिथल्या रुग्णालयात हे यंत्र रोजच्या वापरात पाहिले आणि ते बाल्टिमोरला घेऊन आला.

खालचा आकडा कानाने सापडला. सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीतला शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव रुसो-जपानी युद्धात मांचुरियात काम करून आला होता. जखमी रक्तवाहिन्यांवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकण्याची त्याला सवय होती. 1905 मध्ये त्याने रिवा-रोच्चीच्या पट्ट्याखाली, कोपराच्या आतल्या खळगीत स्टेथोस्कोप ठेवला. मोकळ्या धमनीतून रक्त निमूट वाहते, पूर्ण चेपलेल्या धमनीतून ते वाहतच नाही. दोन्ही वेळा ऐकू काहीच येत नाही. पट्ट्यातली हवा हळूहळू सोडत गेले की मात्र एका क्षणी टक्‌ असा ठोका येतो. आतला वरचा दाब पट्ट्याच्या दाबाला भारी पडून रक्ताची पहिली चिळकांडी पलीकडे गेलेली असते. पुढे धमनी प्रत्येक ठोक्याला उघडते आणि मिटते, रक्त खळाळते, आवाज चालू राहतात. मग ते मंदावतात आणि थांबतात, कारण आता धमनी मिटतच नाही. पहिला आवाज वरचा आकडा सांगतो, आवाज थांबतो तिथे खालचा. कोरोत्कोवचे हे निवेदन एक पानही भरत नव्हते. वैद्यकाच्या इतिहासात एवढ्या कमी शब्दांत एवढे मोठे काम क्वचितच झाले असेल.

आकडे मिळाले, पण त्यांचा अर्थ लागायला वेळ गेला. वयानुसार दाब चढणारच, अरुंद झालेल्या धमन्यांतून रक्त पोचवण्यासाठी तो हवाच, असे बरेच डॉक्टर मानत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च 1944 मध्ये 186/108 होता. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा तो 300/190 भरला होता. 1948 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासातून वाढीव दाब आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा संबंध आकड्यांनिशी स्पष्ट झाला.

डॉक्टरांच्या टेबलावरची उभ्या झाकणाची पाऱ्याची पेटी आता मागे पडली आहे. पारा विषारी, 2013 च्या मिनामाता करारानुसार 2020 नंतर अशा यंत्रांच्या उत्पादनाला आणि आयात-निर्यातीला बंदी आली. एकक मात्र पाऱ्याचेच राहिले. घरातले डिजिटल यंत्र आवाज ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेला ठोक्यागणिक बसणारे हेलकावे ते टिपते, ते सर्वांत मोठे कुठे होतात यावरून सरासरी दाब ठरवते आणि बाकीचे दोन आकडे गणिताने काढते. दंड हृदयाच्या पातळीत हवा, हा हेल्सच्या नळीचा नियम त्यालाही लागू आहे: हात 10 सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा सात-आठ मिलिमीटरने वाढतो. नाडी अनियमित असली की यंत्राचे गणित चुकू शकते. तेव्हा डॉक्टर साधा पट्टा बांधून कोपराच्या खळगीत स्टेथोस्कोप ठेवतात.